क्रशरची भुकटी शेतात पसरून हवेतला कार्बन कमी होईल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या गावाजवळच्या खडी क्रशरांवर काळ्या दगडाच्या भुकटीचे ढीग साचले आहेत. हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि तो पावसात झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवतो, हे तुम्ही कुठेतरी वाचलेत. मग ही भुकटी राज्यभरच्या शेतांत पसरली तर तापमानवाढीला आळा बसेल का, आणि बसणार असेल तर ही कल्पना कोणापुढे व कशी मांडायची? लोक वेड्यात काढतील अशी भीती वाटते, असेही तुम्ही शेवटी लिहिले आहे.

ती भीती आधी मनातून काढा. या कल्पनेवर जगभर गांभीर्याने काम चालू आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाचे डेव्हिड बीअरलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली 'नेचर'मध्ये अंदाज मांडला की शेतजमिनींवर दगडाची भुकटी पसरून जगाला वर्षाकाठी अर्धा ते दोन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेतून काढता येईल. ज्या देशांत ही क्षमता जास्त आहे त्यांत त्यांनी भारताला वरचे स्थान दिले. २०२५ साली कार्बन काढण्याच्या पद्धतींसाठीचे ५ कोटी डॉलरचे एक्सप्राइज हे बक्षीस 'माती कार्बन' या संस्थेला मिळाले. ही संस्था भारतातल्या लहान भातशेतकऱ्यांच्या खाचरांत बेसॉल्टची भुकटीच पसरते. तुम्हाला सुचलेली गोष्ट विचित्र आहे खरी, पण वेडेपणाची नाही.

मी मृदाशास्त्रात काम करतो. उमेदीचा बराच काळ कोकणातल्या आम्ल जमिनी सुधारण्यात गेला आणि दगडाच्या भुकटीशी संबंध त्यातूनच आला. त्या अनुभवावरून सांगतो की दगड कार्बन बांधतो की नाही यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. तो बांधतो. कोणत्या जमिनीत बांधतो, किती वर्षांत बांधतो आणि बांधला हे तुम्ही दाखवणार कसे, हे खरे प्रश्न आहेत. 'राज्यभर पसरू' हा तुमचा शब्द मला खटकला तो यामुळेच.

रसायनशास्त्र थोडक्यात सांगतो. पाऊस हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन उतरतो. मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीतल्या पोकळ्यांत तो हवेच्या कित्येक पट असतो. तो पाण्यात विरघळला की सौम्य कार्बोनिक आम्ल बनते. हे आम्ल दगडातली कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची खनिजे फोडते आणि कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्यात उतरतो. ते पाणी ओढ्यानदीतून समुद्राला मिळाले की तो कार्बन हजारो वर्षे तिथे राहतो. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. तो हे काम तेव्हापासून करत आला आहे. जगाच्या भूभागावर बेसॉल्टचा वाटा ५ टक्क्यांहून कमी असूनही दगडांच्या अशा झिजेतून शोषल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३० टक्के एकटा बेसॉल्ट शोषतो. भुकटी केल्याने फक्त वेग वाढतो. एक मिलिमीटरचा कण दशांश मिलिमीटरचा केला तर तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग दहापट होतो.

आता हिशेब. तो स्वतः कागदावर करून बघा, कारण तुम्ही कल्पना मांडाल तिथे पहिला प्रश्न हाच येईल. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ढोबळमानाने १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड असते. म्हणजे १ टन दगडात १०० किलो आणि ६० किलो. या धातूंच्या प्रत्येक अणूमागे कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बांधले जातात असे धरले, तर १ टन दगड पुरता विरघळल्यावर सुमारे २९० किलो कार्बन डायऑक्साइड बांधतो. समुद्रात पोहोचल्यावर त्यातला थोडा पुन्हा सुटतो, म्हणून २५० किलो धरा. एक लाख हेक्टरवर हेक्टरी २० टन भुकटी टाकली तर २० लाख टन दगड लागला आणि तो सगळा विरघळला तर ५ लाख टन कार्बन डायऑक्साइड बांधला गेला. भारत वर्षाला कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटमधून सुमारे ३०० कोटी टन सोडतो. म्हणजे एका वर्षाच्या उत्सर्जनाचा सहा हजारावा हिस्सा, आणि तोही अनेक वर्षांत मिळून.

यातून वाहतूक वजा करायची. १६ टनांचा ट्रक १०० किलोमीटर जाऊन रिकामा परत आला तर साधारण ५० लिटर डिझेल जळते. लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर टनामागे आठ-नऊ किलो झाले. २५० किलोंपुढे ही रक्कम किरकोळ वाटते. पण पहिल्या वर्षी दगडाचा दहावा भागच विरघळला, तर त्या वर्षाच्या कमाईतला तिसरा हिस्सा ट्रकनेच खाल्ला. ताजा दगड मुद्दाम पिठासारखा दळायचा म्हटला तर विजेचा खर्च वेगळा, आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशावर बनते. म्हणून भुकटी आधीच तयार असलेली घ्यायची आणि जवळची घ्यायची. या दोन अटी मी कधीच सोडत नाही.

जमिनीच्या बाबतीत मात्र माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे. तुमचे गाव सोलापूरच्या बाजूला काळ्या जमिनीत आहे आणि भुकटी तिथेच टाकावी असे तुम्हाला साहजिकच वाटते. पण काळी माती ही झिजलेल्या बेसॉल्टचीच बनलेली आहे. तिचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) आधीच ७.५ ते ८.५ च्या आसपास, कुठे त्याहूनही वर. नांगरताना पांढरे खडे वर येतात ना, ती चुनखडी. अशा जमिनीत आम्लच कमी, त्यामुळे दगड फोडणारा हातच कमजोर असतो. मातीतल्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट आधीच भरपूर असते, त्यामुळे आणखी विरघळायला वाव थोडा. त्यात पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर. मुळांच्या खाली निचरून जाणारे पाणी फार कमी, आणि जे राहते ते उन्हात आटते. पाणी आटले की विरघळलेले कॅल्शियम पुन्हा चुनखडी होऊन बसते आणि बांधलेल्या दोन रेणूंपैकी एक सुटून हवेत परत जातो. म्हणजे जे थोडे साधले त्यातलेही निम्मे हातचे गेले. शिवाय सामू जास्त असल्याने या जमिनीत लोह आणि जस्ताची कमतरता असतेच. तिथे सामू आणखी वाढवणारी वस्तू टाकायचा सल्ला मी शेतकऱ्याला देणार नाही.

घाट उतरून कोकणात या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जांभ्याची तांबडी माती नेमकी उलट्या स्वभावाची आहे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपासच्या आणि कुठे कुठे त्याहूनही जास्त पावसाने तिच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका युगानुयुगे धुऊन नेले आहे. मागे उरले ते लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. सामू पाच ते साडेसहाच्या दरम्यान. खतातून दिलेले स्फुरद (फॉस्फरस) हे ऑक्साइड धरून ठेवतात, पिकाला मिळू देत नाहीत. अशा मातीला दगडातले कॅल्शियम, मॅग्नेशियम हवेच आहे, आणि त्याहून मोलाची आहे विरघळणारी सिलिका. भात हे सिलिकाचे खादाड पीक आहे. सिलिका मिळाली की ताटे ताठ राहतात, करपा आणि खोडकिडा यांना तोंड द्यायची ताकद वाढते. आम्लता आहे, ऊन आहे, पाणी आहे आणि ते पाणी वाशिष्ठी, शास्त्री, काजळी अशा आखूड नद्यांतून लगेच अरबी समुद्राला मिळते. कृष्णा-गोदावरीचे पाणी धरणाधरणांत थांबत, आटत, कालव्यांतून पुन्हा शेतात जात बंगालच्या उपसागराकडे सरकते. त्या वाटेत कार्बन कुठे किती सुटला याचा माग ठेवणे फार अवघड.

ब्राझीलने २०१३ साली कायद्यात दुरुस्ती करून दगडाच्या भुकटीला शेती-निविष्ठा म्हणून मान्यता दिली. तिथल्या जमिनीही अशाच पावसाने धुतलेल्या, आम्ल आहेत. अमेरिकेत इलिनॉयमध्ये मका-सोयाबीनच्या शेतात चार वर्षे दरवर्षी हेक्टरी ५० टन बेसॉल्ट टाकून प्रयोग झाला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत उत्पन्न १२ ते १६ टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. त्या आकड्यांवरून कोकणच्या भाताबद्दल काही ठरवू नका, पण दिशा दिसते.

कोकणातही सरसकट होकार नाही. समुद्रालगतच्या खारजमिनींचे प्रश्न निराळे, तिथे हा प्रयोग नको. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, माती इतकी उथळ की पहिल्या जोरदार सरीत भुकटी वाहून जाईल. आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. युरिया किंवा अमोनियम सल्फेट दिल्यावर नत्राचे मातीत रूपांतर होताना नायट्रिक आम्ल बनते. ते आम्लही दगड विरघळवते, पण त्यात हवेतला कार्बन बांधला जात नाही. दगड विरघळला, पिकाला फायदा झाला आणि कार्बनच्या खात्यात शून्य, असे होऊ शकते. पाणी साचलेल्या भातखाचरात हे रूपांतर कमी होते. मी भातखाचरच सुचवतो याचे हे आणखी एक कारण. मात्र जिथे शेतकरी आज चुना टाकतो तिथे हिशेब थोडा बदलतो. तीव्र आम्लाशी चुन्याची गाठ पडली की चुन्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. चुन्याऐवजी बेसॉल्ट वापरला तर निदान तेवढा सुटणे टळते.

आता भुकटीबद्दल, कारण तुमच्या डोळ्यांसमोर जे ढीग आहेत त्यातला बराच माल टाकाऊ नाही. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून क्रशरची डस्ट बांधकामाला, पेव्हर ब्लॉकला जाते आणि तिला ब्रासने (१०० घनफुटांच्या मापाने) भाव आहे. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, धुऊन विकणाऱ्या प्लांटवर मात्र जा. वाळू धुताना जे अतिबारीक कण निघतात ते काँक्रीटला नको असतात, म्हणून त्यांचा गाळ बाहेर टाकला जातो आणि मालकाला त्याची डोकेदुखी असते. आपल्याला हवे ते नेमके हेच कण, दळण्याचा खर्च न करता मिळालेले. दोन गोष्टी विचारून घ्या. गाळ लवकर खाली बसावा म्हणून पाण्यात कोणते रसायन घालतात? आणि गाळात पाणी किती? ओल्या गाळाच्या वजनावर हिशेब केला तर सगळेच आकडे फुगतात, म्हणून एक नमुना वाळवून कोरडे वजन काढायचे. प्रयोगशाळेत निकेल, क्रोमियम, शिसे, कॅडमियम तपासून घ्या. ऑलिव्हिन हे मॅग्नेशियमयुक्त खनिज जास्त असलेल्या दगडांच्या मानाने आपल्या बेसॉल्टमध्ये निकेल-क्रोमियम बरेच कमी असते, तरी भातात काय उतरते ते तपासल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतात टाकू नये. कोरडी भुकटी उडवत पसरणे तर साफ बंद. ती फुप्फुसात जाते. ओलसर असतानाच पसरा आणि मजुरांना मास्क द्या.

सगळ्यात जास्त विचार मोजमापाचा करा. कार्बन बांधला हे सिद्ध करण्याची आज प्रचलित असलेली एक पद्धत टायटेनियमवर बेतलेली आहे. टायटेनियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. भुकटी टाकल्यावर मातीत टायटेनियम किती वाढले यावरून भुकटी किती पडली ते कळते आणि त्या मानाने कॅल्शियम-मॅग्नेशियम किती घटले यावरून किती विरघळली ते. पद्धत चांगली आहे, पण आपल्याकडे ती अडखळते. काळी माती त्याच दगडाची, म्हणून तिच्यात भुकटीची खूण वेगळी उठत नाही. बेसॉल्टवरच्या जांभ्यात तर इतर सगळे धुऊन गेल्यामुळे टायटेनियम मूळ दगडापेक्षाही जास्त साचलेले असते. तिथे कॅल्शियमची खूण स्पष्ट मिळते, टायटेनियमची नाही. म्हणून मी पाण्यावर भर देतो. खाचरातून निचरणारे पाणी मुळांच्या खाली बसवलेल्या नळीतून आणि बांधाच्या तोंडाशी ठरावीक दिवसांनी गोळा करायचे आणि त्यातली बायकार्बोनेटची क्षारता साध्या अनुमापनाने (टायट्रेशनने) काढायची. कोणत्याही माती-पाणी प्रयोगशाळेत ही चाचणी होते. जांभ्याच्या प्रदेशातले पाणी मुळात मऊ, त्यामुळे फरक पडला तर दिसतो. काळ्या मातीतल्या विहिरीचे पाणी आधीच इतके जड असते की तुमची भर त्यात हरवून जाईल.

प्रयोगाची आखणी अशी ठेवा. तीन प्रकारची खाचरे: एकात काही नाही, एकात शिफारशीप्रमाणे चुना, एकात भुकटी. प्रत्येक प्रकार निदान चार ठिकाणी. कोकणात खाचरे पायऱ्यांची असतात आणि पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरते. भुकटीच्या खाचराखाली कोरे खाचर ठेवले तर भुकटीचे पाणी त्यात येणार आणि तुलना बाद. कोरी खाचरे वरच्या अंगाला किंवा वेगळ्या पाटावर हवीत. हेक्टरी २० टन म्हणजे गुंठ्याला २०० किलो कोरडी भुकटी. एक ब्रास साधारण साडेचार टन भरते, म्हणजे ती बावीस-तेवीस गुंठ्यांना पुरेल. टाकण्यापूर्वी प्रत्येक खाचरातून दोन खोलींवरची माती घेऊन वाळवून, बरणीत बंद करून, तारखेसह जपून ठेवा. पुढे एखादी नवी पद्धत निघाली तर त्या बरण्याच उपयोगी येतील. ती माती नंतर मिळत नाही.

इतकी खबरदारी का, असे वाटेल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर २००९ साली लोहाफेक्स हा प्रयोग केला तो आठवा. 'पोलारस्टर्न' जहाजावरून दक्षिण महासागराच्या अटलांटिक भागात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोहक्षार सोडले. लोह मिळाल्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतील आणि मेल्यावर कार्बन घेऊन तळाला जातील, हा तर्क पक्का होता. वनस्पती वाढल्याही. पण त्या पाण्यात सिलिका कमी, म्हणून सिलिकाच्या जड कवचाच्या डायटम या सूक्ष्म वनस्पती वाढल्याच नाहीत. ज्या वाढल्या त्या कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांनी खाल्ल्या, कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या ॲम्फिपॉडनी खाल्ले, आणि खोल गेला तो कार्बन अगदी थोडा. पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपांमुळे जहाज निघाल्यावर जर्मन सरकारने प्रयोग थांबवून धरला आणि मग परवानगी दिली, तो ताप वेगळा. मला तो प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्या शास्त्रज्ञांनी जे मिळाले ते तसेच जगापुढे ठेवले. तुमच्या खाचरातही दगड विरघळेल आणि कार्बन भलत्याच वाटेने निघून जाईल, ही शक्यता आधीच धरून चाला आणि ती पकडता येईल असे मोजमाप ठेवा.

आता कोणापुढे मांडायचे. मंत्रालयात 'हवामान वाचवणारी योजना' म्हणून जाऊ नका. सहा हजारावा हिस्सा हा आकडा समोरच्याने काढला की बैठक तिथेच संपेल. 'आम्ल भातजमिनीत चुन्याला पर्याय, आणि त्यासोबत कार्बनचे मोजमाप' म्हणून मांडा. हे खरेही आहे आणि पेलण्याजोगेही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा मृदाशास्त्र विभाग आणि जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र ही पहिली दारे. कार्बन क्रेडिट (बांधलेल्या कार्बनचे विकता येणारे प्रमाणपत्र) विकून देतो म्हणणारा दलाल भेटला तर मोजमापाची दोन वर्षे पुरी होईपर्यंत त्याला दूर ठेवा आणि शेतकऱ्याला क्रेडिटच्या पैशाचा शब्द तर मुळीच देऊ नका. त्याला सांगायचे ते एवढेच, की भातावर काय परिणाम होतो ते आपण मिळून बघू आणि नुकसान झाले तर भरून देऊ. ती भरपाई तुमच्या अंदाजपत्रकात आधीच लिहिलेली असावी.

कागदपत्रांचे थोडक्यात: दगडाची भुकटी गौण खनिजात येते, तेव्हा वाहतुकीचा पास क्रशरमालकाकडून मागून घ्या. स्वतःच्या प्रयोगापुरते वेगळे, पण पुढे ती खत म्हणून विकायचा विचार असेल तर १९८५ चा खत नियंत्रण आदेश आड येतो. त्याची चौकशी जिल्हा कृषी अधिकाऱ्यांकडे आधीच करा.

या खरिपासाठी मातीचे नमुने एप्रिल संपायच्या आत घ्यावे लागतील. भुकटी मेमध्ये, पहिल्या नांगरणीआधी पसरायची, म्हणजे चिखलणीत ती मातीत नीट मिसळते. क्रशरमालकाकडून आधी फक्त एक बादली गाळ आणा, वाळवा, चाळणीतून काढून बारीक भाग किती ते बघा, आणि चारही धातूंचा तपास करून घ्या. अहवाल आला की आकडे इथेच लिहा. कोणत्या खाचरात किती टाकायचे ते मग ठरवू.